घड्याळआजोबांचं पांढरं रॉकेल

“ताई, घड्याळआजोबांच्या डोळ्यांतला काळा ठिपका हरवलाय!”

गोटीने हे सोमवारी सांगितलं. त्या वेळी त्याची ताई जिन्याखाली मांडी घालून भित्तिपत्रकाचा मथळा रंगवत होती आणि तिला मान वर करायलाही फुरसत नव्हती.

“डोळ्यातला ठिपका म्हणजे काय शर्टाचं बटण आहे का हरवायला?” ती म्हणाली. “पळ, निळा रंग घेऊन ये.”

“अगं पण खरंच! मी जवळून बघितलं. मुंगीच्या डोक्याएवढाच उरलाय!”

“निळा!”

गोटी निळा रंग घेऊन आला आणि विषय तिथेच मिटला. चार दिवसांनी तिला हे वाक्य शब्दन्‌शब्द आठवलं, आणि ते आठवताना तिला मुळीच बरं वाटलं नाही.

गोटीच्या ताईला अख्खी इमारत ‘मुकादम’ म्हणायची. वय वर्षं बारा, पण दिसेल त्याला कामाला लावायची सवय अशी की विचारू नका. सुट्टी लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने भित्तिपत्रक काढायचं ठरवलं, स्वतःला संपादक नेमलं आणि वर्गातल्या ढापण्याला छायाचित्रकार. ढापण्याच्या चष्म्याच्या काचा बरणीच्या बुडासारख्या जाड होत्या. तो म्हणालाही, “मला धड दिसत नाही आणि मी फोटो काढायचे?” त्यावर मुकादम म्हणाली, “कॅमेऱ्याला दिसतं ना? मग झालं.” आईचा जुना फोन मिळाल्यामुळे ढापण्याने फार वाद घातला नाही. सात वर्षांचा गोटी बाकी सगळं होता, म्हणजे हमाल, शिपाई आणि वार्ताहर.

भित्तिपत्रकाचा फळा तळमजल्यावर, जिन्याखाली टांगलेला होता. त्याला लागूनच घड्याळआजोबांचं दुकान. दुकान कसलं, काचेचं कपाट म्हणा! एक स्टूल, एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर घड्याळं. आजोबा आत शिरले की दुसऱ्याला शिरायला जागा नाही. धुळीशी त्यांचं हाडवैर होतं. धुळीचा एक कण चक्रात अडकला तर घड्याळ बंद पडतं, म्हणून त्यांनी काचेच्या दाराच्या सगळ्या फटींना लोकरीच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. आत कायम रॉकेलचा वास असायचा. घड्याळ उघडलं की त्याचे सुटे भाग ते एका चिनीमातीच्या वाटीत रॉकेलमध्ये धुवायचे. डाव्या हाताने बुडवायचे, उजव्या हातातल्या चिमट्याने उचलायचे आणि डोळ्याला लावलेल्या भिंगातून न्याहाळायचे. चाळीस वर्षं हेच. त्या वासाचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

मंगळवारी ढापण्या कानाशी मनगटी घड्याळ हलवत आला.

“आईचं घड्याळ दुरुस्त होऊन आलं. आता वेळही दाखवतं आणि खुळखुळ्यासारखं वाजतंही!”

“बघू? अरे, आत स्क्रू सुटलाय,” मुकादम म्हणाली. “आजोबांकडून?”

“आठवडाभरातलं हे तिसरं. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या गजराच्या घड्याळाचा काटाच पडला.”

ज्या माणसाच्या हातून चाळीस वर्षांत डाळीएवढी चूक झाली नाही, त्याच्याकडून एका आठवड्यात तीन! दोघं काचेतून बघत राहिली. आजोबा दिव्याच्या अगदी खाली डोकं नेऊन बसले होते. त्यांनी रुमालाने डोळे टिपले, मग कपाळ, मग तोंड. चिमटा धरलेली बोटं मधूनच थरथरत होती, फुलपाखरू बसल्यासारखी.

बुधवारी आजोबांचा मुलगा आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण काचेबाहेर सगळं ऐकू येत होतं.

“बाबा, लोक आता माझ्या घरी तक्रारी घेऊन येतात. पुरे झालं.”

“दिवा मंद आहे रे. त्यामुळे होतंय.”

“तीनदा बदलला ना दिवा? बाबा, वय झालं तुमचं. शनिवारी माणूस येतोय टेबल उचलायला. तुम्ही घरी आराम करा.”

आजोबांनी सगळे चिमटे एका ओळीत लावले. मग ती ओळ मोडून पुन्हा लावली. मुलगा निघून गेला तरी ते तेच करत होते.

“घरी काय करतील ते?” गोटीने विचारलं.

आजोबांना घरी बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं!

“शनिवारपर्यंत आपल्याकडे दोन दिवस आहेत,” मुकादम म्हणाली. “ढापण्या, तुझा अभ्यासाचा दिवा आण. गोटी, तू वायर धर.”

“मीच का वायर?”

“कारण तू गोटी आहेस.”

गुरुवारी सकाळी ढापण्याचा दिवा आजोबांच्या टेबलावर लागला. त्या उजेडात टेबलावरच्या मुंगीनेही डोळे मिटले असते. आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मान हलवली. “पोरांनो, हाही मंदच आहे.”

बाहेर आल्यावर मुकादम म्हणाली, “म्हणजे दोष दिव्यात नाही. नंबर वाढला असेल त्यांचा.”

“छे!” ढापण्या एकदम म्हणाला. इतर बाबतींत तो पडतं घ्यायचा, पण चष्म्याच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नसे. “माझा नंबर पाच वेळा वाढलाय. नंबर वाढला की पुसट दिसतं. अंधार नाही दिसत! शिवाय रविवारी आजोबा मला बागेत भेटले, तर त्यांनी लांबून माझ्या बुटाची नाडी सुटलेली पाहिली.”

“रविवारी दुकान बंद असतं,” गोटी म्हणाला.

मग तिघांनी एकदमच त्या काचेच्या कपाटाकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी फवारणी होती. डासांचा बंदोबस्त ही सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांची खास मोहीम. बाहेरच्या लोकांवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी इमारतीसाठी धूर मारायचं मशीनच विकत आणलं होतं. ते चालवायचे पाण्याचा पंप सांभाळणारे मामा. तेव्हापासून त्यांना सगळे धूरमामा म्हणत. दर सोमवारी आणि गुरुवारी ते तोंडाला रुमाल बांधून जिन्या-जिन्यातून धूर मारत जायचे आणि सेक्रेटरीकाका अंगणातून हुकूम सोडायचे.

“औषधाचे दोन मग ओत, दोन! डास काय पाहुणे आहेत का, थोडं थोडं वाढायला?”

मुकादमने गॅलरीच्या बंद काचेतून पाहिलं. पांढरा धूर जिन्याखाली भसाभसा शिरला. आजोबांनी घाईघाईने काचेचं दार घट्ट ओढून घेतलं. ती टाळी वाजवून म्हणाली, “सापडलं! धूर आत कोंडतो!”

“पण धूर तर सगळ्या इमारतीत येतो,” ढापण्या म्हणाला. “आपल्याला खोकला येतो. अंधार कुठे दिसतो? आजोबांनाच का?”

मुकादमला उत्तर नसलेले प्रश्न आवडत नसत. रात्री ती दोनदा उठून पाणी प्यायली.

शुक्रवारी सकाळी तिघं काचेचं दार ढकलून दारातच उभी राहिली. आजोबा काम करतच होते. वाटीत एक छोटं चक्र रॉकेलमध्ये बुडालेलं, आणि आजोबांची बोटंही.

“आजोबा, तुमच्या भिंगातून मला बघू द्याल?”

“बघ की. पण पाडू नकोस हं, ते माझ्यापेक्षा म्हातारं आहे.”

मुकादमने भिंग डोळ्याला लावलं आणि ढापण्याकडे पाहिलं. चष्म्यामागे ढापण्याची काळी बाहुली चांगली वाटाण्याएवढी दिसत होती. मग ती आजोबांकडे वळली. आजोबांच्या तपकिरी डोळ्याच्या मधोमध काळा रंग जवळजवळ नव्हताच. टाचणीचं टोक टेकवावं, एवढासा ठिपका होता.

‘मुंगीच्या डोक्याएवढाच उरलाय!’

“गोटी,” ती हळूच म्हणाली, “तू सोमवारीच सांगितलं होतंस.”

“मग! आणि तू म्हणालीस, निळा आण!” गोटी इतका फुगला की त्याच्या गळ्यातली पाण्याची बाटली टेबलावर आपटली. झाकण उघडं होतं. पाणी भसकन थेट रॉकेलच्या वाटीत!

“अरे गाढवा!”

“सॉरी, सॉरी! आजोबा, मी पुसतो...”

“हात लावू नकोस!” ढापण्या ओरडला. तो सहसा ओरडत नसे, त्यामुळे गोटी जागच्या जागी थिजला. ढापण्या वाटीकडे बोट दाखवत होता.

वाटीतलं रॉकेल पांढरंशुभ्र झालं होतं. अगदी दुधासारखं.

“रॉकेल पाण्यात मिसळत नाही,” ढापण्या म्हणाला. “शाळेत प्रयोग केलाय आपण. ते वर तरंगतं, वेगळं. हे रॉकेल नाहीये! म्हणजे, नुसतं रॉकेल नाहीये!”

आजोबा वाकून बघत राहिले. “असं कसं होईल? धूरमामा देतात मला. भला माणूस आहे. मशीनमध्ये फवारून जे उरतं ते दुसऱ्या दिवशी आणून देतो. तीन आठवडे झाले, मला रॉकेल विकत आणावं लागलं नाही.”

मुकादमने गोटीला वाटीपासून मागे ओढलं. भिंतीवरची सगळी घड्याळं टिकटिकत होती.

तीन आठवडे! धुरासाठी डासांचं औषध कालवलेल्या रॉकेलमध्ये आजोबांची बोटं दिवसभर बुडालेली होती, आणि नाक त्यावर वीतभर अंतरावर! वर लोकरीच्या पट्ट्या लावलेलं बंद दार. रॉकेलचा वास तर तिथे चाळीस वर्षं होताच, मग कुणाला वेगळं काय जाणवणार?

समोरच्या रस्त्यावर डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. त्याच्या पाटीवरचा नंबर ढापण्याने फोनवर फिरवला आणि फोन मुकादमकडे दिला. तिने सगळं सांगितलं, न अडखळता, पण एका श्वासात.

“त्यांना घाम येतोय का? तोंडाला पाणी सुटतंय? पोटात मुरडा?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

मुकादमने विचारलं. आजोबा ओशाळून म्हणाले, “मुरडा येतो गं. मला वाटलं, खाण्यातलं काही बाधलं.”

“नीट ऐक,” डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण शब्द भरभर येत होते. “त्यांना लगेच बाहेर मोकळ्या हवेत बसव. हात कोपरापर्यंत साबणाने धुवायला सांग, वाहत्या पाण्याखाली. अंगातला शर्ट त्यांनाच काढू दे, तुम्ही त्या वाटीला शिवू नका. मी एका पेशंटकडे आहे, वीस मिनिटांत पोचते. तेवढ्यात मला त्या औषधाचं नाव मिळालं तर फार बरं. औषधं बऱ्याच जातींची असतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतात. डबा शोध, पण उघडू नकोस. नुसतं नाव!”

गोटीने आजोबांना अंगणातल्या नळावर नेलं, शर्ट त्यांनाच काढायला सांगितला आणि दोन्ही हातांवर भरपूर साबण फासायला लावला. मुकादम आणि ढापण्या सेक्रेटरीकाकांकडे पळाले. औषधाचा डबा पंपाच्या खोलीत होता, आणि किल्ली सेक्रेटरीकाकांच्या खिशात.

“काका, डासांच्या औषधाचा डबा बघायचाय! घड्याळआजोबा आजारी...”

“काहीतरीच!” काकांनी वर्तमानपत्रही खाली केलं नाही. “डास मरतात, माणसं नाही. मी स्वतः निवडलंय ते औषध. डबा पोरांना दाखवायचा नसतो. पळा, खेळा जा.”

“पण काका, डॉक्टरबाईंनी...”

“पळा म्हटलं ना!”

जिन्यात ढापण्या म्हणाला, “चौदा मिनिटं उरली.”

मुकादमने कपाळावर आलेले केस मागे सारले. मग तिने ढापण्याकडे, त्याच्या गळ्यात लटकणाऱ्या फोनकडे पाहिलं. ती पुन्हा वर गेली, पण या वेळी चालत, हसतमुखाने.

“काका, चुकलंच आमचं. खरं म्हणजे आम्ही भित्तिपत्रकासाठी आलो होतो. पहिल्या पानावर तुमचा फोटो टाकायचाय. ‘डासांवर विजय मिळवणारे सेक्रेटरी’!”

वर्तमानपत्र चार बोटं खाली आलं. “पहिल्या पानावर?”

“मधोमध. मोठा. पण नुसता फोटो कसा दिसेल? हातात शस्त्र हवं ना?”

“हं,” काका म्हणाले. “मशीन घेऊ?”

“मशीन मामांच्या पाठीवर शोभतं,” ढापण्या गंभीरपणे म्हणाला. “डोकं तुमचं. औषध तुम्ही निवडलंत. तुमच्या हातात डबा हवा.”

काका उठले. त्यांनी आरशासमोर भांग पाडला. त्यात दोन मिनिटं गेली आणि मुकादमने ओठ दाताखाली धरले. मग किल्ली फिरली, पंपाच्या खोलीचं दार कुरकुरलं, आणि काका छाती काढून उभे राहिले. डबा पोटाशी.

“काका, थोडा वळवा. अजून. लेबल समोर आलं की रंग छान येतो,” ढापण्या म्हणाला.

“असा?”

“अस्सा! हसा!”

एक फोटो काकांचा. पाच फोटो लेबलाचे. विसाव्या मिनिटाला मुकादम अंगणात होती आणि डॉक्टरबाई फाटकातून आत येत होत्या.

त्यांनी आधी आजोबांच्या डोळ्यांत बॅटरीचा झोत टाकला, मग फोनवरचं लेबल दोन बोटांनी मोठं केलं. वर कवटीचं चित्र होतं. खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं: मिश्रणात डब्याच्या झाकणाने दोन झाकणं औषध, त्याहून जास्त नाही. अंगाला लागू देऊ नये. हातमोजे घालावेत. उरलेलं मिश्रण दुसऱ्या कुठल्याही कामासाठी वापरू नये. विषबाधेची लक्षणं: बाहुल्या बारीक होणं, अंधारल्यासारखं दिसणं, घाम, लाळ, स्नायूंची थरथर.

“दोन झाकणं,” ढापण्या पुटपुटला. “काका दोन मग म्हणत होते!”

“अगदी हेच हवं होतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. नाव त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. गाडी आली. आजोबा चढताना म्हणाले, “माझी वाटी कुणी हलवू नका, चक्र हरवेल.” मग मात्र ते डोळे मिटून टेकले आणि त्यांचा चेहरा अंगणातल्या फरशीसारखा राखाडी दिसला. मुकादमने गोटीचा हात घट्ट धरला. खूप घट्ट.

शनिवारी सकाळी टेबल उचलायला माणूस आला. दारात आजोबांचा मुलगा उभा होता. रात्रभर हॉस्पिटलमध्ये जागून त्याचे डोळे लाल झाले होते.

“टेबल विकायचं नाही,” तो म्हणाला. “माफ करा, तुम्हाला फुकट खेप पडली.”

तेवढ्यात डॉक्टरबाईही आल्या. अंगणात बघता बघता निम्मी इमारत गोळा झाली.

“इंजेक्शनं लागू पडली,” त्या म्हणाल्या. “पहाटे त्यांनी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि नर्सला सांगितलं, हे चार मिनिटं मागे आहे. अजून चार-पाच दिवस ठेवून घेऊ. आणखी आठवडाभर असंच चाललं असतं, तर मला सांगवत नाही काय झालं असतं.” मग त्या मुलांकडे वळल्या. “मला औषधाचं नाव वीस मिनिटांत मिळालं. मोठ्या माणसांनी अर्ज लिहून आठवडा लावला असता.”

“बाबांनी निरोप दिलाय,” मुलगा म्हणाला. “म्हणाले, बिघडलेलं घड्याळ मी उघडून बघतो. या पोरांनी मलाच उघडून बघितलं!” सगळे हसले. तो हसला नाही. “मी मात्र न बघताच ‘वय झालं’ म्हणून मोकळा झालो.”

सेक्रेटरीकाका पुढे आले. त्यांनी दोनदा घसा साफ केला. “चूक माझी आहे. लेबल मी वाचलंच नव्हतं. मी मामांना सांगितलं होतं, औषध धुरातून उडून जातं, टाकीत उरतं ते नुसतं रॉकेल. असं मला... वाटत होतं. फवारणी आजपासून बंद. साचलेलं पाणी उपसू, टाक्यांना जाळ्या लावू. आणि, मुकादम...”

“काय काका?”

“तो पहिल्या पानावरचा फोटो छापू नकोस.”

“छापणार,” मुकादम म्हणाली. “पण लेबलाचा मोठा, तुमचा छोटा.”

पुन्हा हशा पिकला. कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली, कुणी गोटीला खांद्यावर घेतलं. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “असली मुलं प्रत्येक इमारतीत हवीत!” तिघांची मान ताठ झाली. का होऊ नये?

एवढ्यात मुकादमचं लक्ष फाटकाकडे गेलं. धूरमामा तिथे एकटेच उभे होते. सकाळी मशीन धुऊन त्यांनी ते नुकतंच आत ठेवलं होतं. काल दुपारपासून इमारतीतलं कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. ते खांद्यावरच्या रुमालाने डोळे पुसत होते. आधी वाटलं, रडत असतील. पण त्यांनी डोळे पुसले, कपाळ पुसलं, आणि मग तोंड पुसलं.

ती गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेली.

“मामा, तुम्हाला उजेड कसा दिसतो?”

“मला?” मामा चपापले. “मला काय धाड भरलीय? तू आजोबांची चौकशी कर. माझ्या हातून पाप घडलं बघ.”

“पण दिसतो कसा?”

“जरा... अंधारूनच येतं हल्ली. ढग असतील.”

मुकादमने वर पाहिलं. आभाळ लख्ख निरभ्र होतं.

“डॉक्टरबाई!” ती अशी ओरडली की अंगणातला हशा मधेच तुटला. “बॅटरी घेऊन या! लवकर!”

डॉक्टरबाईंनी मामांची हनुवटी वर केली आणि झोत टाकला. त्या म्हणाल्या, “गाडी परत बोलवा. शाबास, पोरी. हे माझ्याही नजरेतून सुटलं होतं.”

धूरमामा बचावले. तीन दिवसांनी शेजारच्याच खाटेवरून ते घड्याळआजोबांशी भांडत होते, खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून.

आता तुमचं एक काम. पुढच्या वेळी तुमच्या गल्लीत धूर येईल तेव्हा खिडक्या लावून घ्या, लहानग्यांना आत न्या. धूर विरून हवा स्वच्छ झाली की सगळी दारंखिडक्या उघडा. आणि मग घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन खाली जा. पाठीवरून मशीन उतरवणारा माणूस कुठेतरी भिंतीला टेकून बसलेला असेल. त्याला विचारा, डोळ्यांतून पाणी येतंय का, उजेड मंद वाटतोय का. “मला काय झालंय?” असं तो म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका.